‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ म्हणजे काय?

एआरटी सेंटरमध्ये, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथे, मिळणाऱ्या व्हायरल लोडच्या (रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणाच्या) रिपोर्टवर आज बऱ्याच जणांच्या नावापुढे हे शब्द छापलेले असतात. तपासलेल्या रक्तात एचआयव्ही सापडला नाही, असा त्यांचा अर्थ. पण ज्याचा रिपोर्ट असा येतो आणि जो गोळ्या नेमाने घेत राहतो, त्याच्याकडून शरीरसंबंधातून जोडीदाराला एचआयव्ही होत नाही. क्वचित होतो, असंही नाही. होत नाही. जागतिक आरोग्य संघटना याबाबत शून्य धोका असंच म्हणते.

ही माहिती जुनी आहे. तरी कोणाही शिकल्यासवरल्या माणसाला विचारून बघा, पॉझिटिव्ह माणसाला लग्न करता येतं का? त्याला निगेटिव्ह मूल होऊ शकतं का? बहुतेक जण गडबडतात. भारतात आज सुमारे २५ लाख माणसं एचआयव्हीसह जगत आहेत आणि त्यांतली ४ लाखांच्या आसपास एकट्या महाराष्ट्रात आहेत, इतर कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. इतक्या जवळच्या आजाराबद्दल आपल्याला तीस वर्षांपूर्वीचंच माहीत असावं, याचं मला फार वाईट वाटतं, कारण त्या न कळण्याची किंमत रोज कोणीतरी मोजतंय.

म्हणून आधी आजार समजून घेऊ.

विषाणू शरीरात काय करतो

आपल्या रक्तात रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात. त्यांतल्या सीडी फोर नावाच्या पेशी बाकीच्यांना कामाला लावतात. एचआयव्ही नेमका याच पेशींमध्ये शिरतो. शिरल्यावर तो स्वतःच्या आरएनएचा, म्हणजे ज्यात त्याची जनुकीय माहिती असते त्याचा, डीएनए करतो आणि हा डीएनए पेशीच्या डीएनएत घुसवतो. मग पेशी आपलं काम सोडून विषाणूच्याच प्रती तयार करत बसते आणि शेवटी मरते. निरोगी माणसाच्या एक घनमिलिमीटर रक्तात सीडी फोर पेशी साधारण ५०० ते १५०० असतात. उपचार नसला तर काही वर्षांत त्या घटत जातात. माणूस मात्र या काळात बाहेरून धडधाकट दिसतो. नुसतं बघून कोणालाच काही ओळखता येत नाही. पेशी २०० च्या खाली गेल्या की टीबी, बुरशीचा संसर्ग, न थांबणारे जुलाब असे आजार डोकं वर काढतात. या शेवटच्या अवस्थेला एड्स म्हणतात. गोळ्या वेळेवर सुरू झाल्या आणि चालू राहिल्या, तर ही अवस्था सहसा येतच नाही.

या गोळ्या म्हणजेच एआरटी. सरकारी एआरटी सेंटरमध्ये त्या २००४ पासून मोफत मिळतात. सुरुवातीला सीडी फोर ठरावीक आकड्याखाली येईपर्यंत थांबावं लागे. २०१७ पासून तसं नाही. चाचणी पॉझिटिव्ह आली की सीडी फोर कितीही असोत, गोळ्या सुरू होतात. आता बहुतेक प्रौढांना दिवसाला एकच गोळी घ्यावी लागते. तिच्यात टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर ही तीन औषधं असतात. पहिली दोन आरएनएचा डीएनए होऊ देत नाहीत आणि तिसरं तो डीएनए पेशीच्या डीएनएत घुसू देत नाही. या दोन्ही वाटा एकदम अडवल्या की नव्या प्रती तयार होणं थांबतं. बहुतेकांच्या रक्तातला विषाणू सहा महिन्यांच्या आत इतका कमी होतो की तपासणीत सापडत नाही.

मग माणूस बरा झाला का? नाही. ज्या पेशींच्या डीएनएत विषाणू आधीच जाऊन बसला आहे, त्यांतल्या काही पेशी वर्षानुवर्षं स्वस्थ राहतात. काहीच घडत नसतं, म्हणून तिथे औषधाचंही काही चालत नाही. ज्यांच्या शेतात हरळी आहे त्यांना हे लगेच कळेल. वरचं गवत खुरपून रान कितीही स्वच्छ केलं, तरी खाली काशी, म्हणजे मुळांचं जाळं, राहिलेली असते आणि खुरपणी थांबली की आठवड्या-पंधरवड्यात रान पुन्हा हिरवं होतं. गोळ्या बंद केल्यावर रक्तात तसंच होतं. ‘आता तब्येत छान आहे, रिपोर्टही चांगला आला, मग गोळी कशाला?’ असं म्हणून कोणी औषध सोडलं, तर काही आठवड्यांत विषाणू परत वाढतो आणि अधूनमधून खाडे केले तर तो औषधाला दाद न देणारा होऊ शकतो. गोळी जन्मभराची आहे ती एवढ्यासाठी.

जोडीदाराला होत नाही, हे कशावरून?

हे सिद्ध करण्यात आपल्या पुण्याचाही वाटा आहे. एक जण पॉझिटिव्ह आणि दुसरा निगेटिव्ह अशा १७६३ जोडप्यांचा अभ्यास नऊ देशांत झाला, त्यात पुणे आणि चेन्नई ही केंद्रं होती. काही पॉझिटिव्ह जोडीदारांना गोळ्या लगेच सुरू केल्या, काहींना त्या वेळच्या नियमांप्रमाणे उशिरा. २०११ मध्ये निष्कर्ष आले. लगेच गोळ्या सुरू केलेल्यांकडून जोडीदाराला लागण होण्याचं प्रमाण ९६ टक्क्यांनी कमी होतं. फरक इतका मोठा होता की दुसऱ्या गटालाही गोळ्या देणं भाग पडलं. या अभ्यासातल्या पुण्याच्या जोडप्यांची नावं कोणालाच माहीत नाहीत, होणारही नाहीत. जगभरातल्या लाखो संसारांवर मात्र त्यांचे उपकार आहेत.

उरलेल्या ४ टक्क्यांची शंका युरोपातल्या अभ्यासांनी मिटवली. तिथे पॉझिटिव्ह जोडीदाराचा विषाणू गोळ्यांनी पूर्ण दबलेला होता आणि जोडपी कंडोम वापरत नव्हती. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टप्प्यात ७८२ समलिंगी पुरुष जोडप्यांची माहिती होती. सुमारे ७६,००० शरीरसंबंध झाले आणि पॉझिटिव्ह जोडीदाराकडून निगेटिव्ह जोडीदाराला एकदाही लागण झाली नाही. आधीच्या टप्प्यात स्त्री-पुरुष जोडपीही होती, तिथेही उत्तर हेच आलं.

याच्या मर्यादाही सांगायला हव्यात, नाहीतर अर्धवट माहितीने घोळ होतो. गोळ्या चालू हव्यात आणि व्हायरल लोडची तपासणी वेळच्या वेळी हवी. पहिल्या सहा महिन्यांत, किंवा मध्ये गोळ्यांचा खंड पडला असेल तर, कंडोम लागतोच. सिफिलिस, गोनोरिया, नको असलेली गर्भधारणा यांपासून गोळी वाचवत नाही. एकाच सुईने इंजेक्शन घेणाऱ्यांना हा नियम लागू करता येत नाही. आणि रिपोर्ट कितीही चांगला असला तरी रक्तदान करायचं नसतं.

मुलांची गोष्ट याहून आशेची आहे. आईवर काहीच उपचार नसतील तर गरोदरपणात, बाळंतपणात आणि अंगावर पाजताना मिळून बाळाला लागण होण्याचं प्रमाण शंभरात १५ ते ४५ असतं. आईच्या गोळ्या वेळेवर सुरू झाल्या आणि बाळाला जन्मल्यावर काही आठवडे औषध दिलं, की ते पाचाच्याही खाली येतं. विषाणू पूर्ण दबलेला असेल तर आणखी खाली. अंगावर पाजण्यातला धोकाही गोळ्यांमुळे फार कमी होतो, पण तिथे शून्य म्हणता येत नाही, म्हणून बाळाची तपासणी सांगितलेल्या तारखांना व्हायलाच हवी. गरोदर बाईची एचआयव्ही तपासणी पहिल्या महिन्यांतच करण्याचा आग्रह असतो तो याचसाठी. पॉझिटिव्ह आईबापांची निगेटिव्ह मुलं आज महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांत जातात. त्यांच्या शेजारी बसणाऱ्या मुलांना हे माहीत नसतं, आणि असायचं काही कारणही नाही.

डास, ताट, वस्तरा

तरीही प्रश्न येतात आणि ते विचारणाऱ्याला लाज वाटू नये. डास चावला तर? डास आपल्या अंगात स्वतःची लाळ सोडतो, आधी प्यायलेलं रक्त नाही. मलेरियाचा जंतू डासाच्या अंगात वाढतो, एचआयव्ही तिथे वाढत नाही. तो पचून जातो. एका ताटात जेवलं तर? लाळेतून एचआयव्ही होत नाही. भाजी चिरताना पॉझिटिव्ह बाईचं बोट कापलं आणि थेंब पडला तर? शरीराबाहेर हा विषाणू फार टिकत नाही, चुलीवर तर नाहीच, आणि अशा जेवणातून लागण होत नाही. मिठी, मुका, घाम, खोकला, एक संडास, एक विहीर यांतलं काहीही मध्ये येत नाही. न्हाव्याने प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं ब्लेड लावावं हे बरोबरच आहे, पण त्याचं मुख्य कारण कावीळ ब आणि क आहे.

आजीने नातवाला भरवावं का, हा प्रश्न मात्र वेगळा आहे. एआरटी सेंटरच्या बाकावर बसलेली म्हातारी बाई जेव्हा तो विचारते, तेव्हा तिला विषाणूबद्दल जाणून घ्यायचं नसतं. सुनेने कप-बशी वेगळी केली आहे, नातू जवळ आला की त्याला हाक मारून आत बोलावलं जातं, आणि हे सगळं कोणी एक शब्दही न बोलता. तिला कोणीतरी डॉक्टर म्हणून सांगायला हवं असतं, आजी, खुशाल भरवा. आणि तेच सुनेलाही सांगायला हवं, घरी बोलावून, दोघींना समोर बसवून. नुसती माहिती छापून वाटली की काम झालं, असं मानणाऱ्यांनी हा बाक एकदा पाहावा.

हीच भीती गावभर पसरली की काय होतं, ते लातूर जिल्ह्यातल्या हासेगावात दिसलं. तिथल्या सेवालय या संस्थेत एचआयव्हीसह जगणारी अनाथ मुलं राहतात. ती गावच्या शाळेत येऊ लागली तेव्हा, २००९ साली, इतर पालकांनी आपली मुलं शाळेत पाठवणं बंद केलं. वर्गात शेजारी बसल्याने काही होत नाही, हे तेव्हाही विज्ञानाला पक्कं माहीत होतं.

लेबल

गोळ्यांची बाटली प्लॅस्टिकची असते, तीस गोळ्यांची. सेंटरमधून बाहेर पडल्यावर बरेच जण पहिलं काम करतात ते लेबल काढण्याचं. नखाने खरवडून, नाहीतर थुंकी लावून भिजवून. चिकटलेला कागद पूर्ण निघत नाही, मग बाटली रुमालात. बाटली हलली की आत गोळ्या खुळखुळतात, म्हणून कोणी कापूस भरतं, कोणी गोळ्या मेतकुटाच्या डब्यात ओततं. सासरी विचारलं तर सांगायचं, रक्तवाढीची गोळी आहे. पाहुणे मुक्कामाला आले की डबा माळ्यावर जातो आणि त्या रात्रीची गोळी राहते. लग्नाच्या गर्दीत दोन-तीन दिवस राहते. साताऱ्याचा माणूस गोळ्या घ्यायला पुण्याला जातो, कारण साताऱ्याच्या रांगेत कोणीतरी ओळखीचं भेटेल. एका दिवसाची मजुरी बुडते, एसटीचं भाडं वर.

इथे कलंक थेट औषधाच्या मध्ये येतो. लपवावं लागलं की गोळी चुकते, गोळी चुकली की विषाणू वाढतो, आणि मग ज्या लागणीला लोक घाबरत होते तिची शक्यता परत येते. वाळीत टाकून कोणाचंही रक्षण होत नाही. उलट होतं ते नुकसान.

माणसं खरं घाबरतात ती विषाणूला नव्हे, ‘कुठून आला?’ या प्रश्नाला. मधुमेह झालेल्याला कोणी असं विचारत नाही. आणि या प्रश्नाला उत्तर म्हणून आपण, अगदी सहानुभूतीनेही, दोन ढीग करतो. एकीकडे बिचारी बायको, निष्पाप लेकरू, चुकीचं रक्त चढवलेला माणूस. दुसरीकडे बाकीचे, ज्यांनी ओढवून घेतलं. कित्येक जनजागृती कार्यक्रमांतही ‘यात तिची काय चूक?’ असं कळवळून म्हटलं जातं. हेतू चांगला असतो, पण त्या वाक्यात दुसऱ्या कोणाची तरी चूक धरलेली असते. नवरा गेल्यावर तीच बायको सासरी पांढऱ्या पायाची ठरते, तेव्हा निष्पापपणाचा काही उपयोग होत नाही. चूक शोधायला सुरुवात झाली की बोट कोणाकडेही फिरतं. मला वाटतं हे ढीग करणंच सोडून द्यायला हवं. उपचाराचा हक्क चारित्र्य तपासून मिळत नाही.

आणि ज्यांच्याकडे बोट दाखवलं गेलं, त्यांनी काय केलं तेही सांगू दे. सांगलीत संग्राम संस्थेचं काम १९९२ मध्ये सुरू झालं. वेश्याव्यवसायातल्या बायकाच एकमेकींना कंडोमबद्दल सांगू लागल्या, गिऱ्हाइकाला नाही म्हणायला शिकवू लागल्या. १९९६ मध्ये त्यांनी स्वतःची संघटना बांधली, वेश्या अन्याय मुक्ती परिषद. पुढे देशात लागणीचं प्रमाण खाली आलं, त्यात अशा बायकांचं, तृतीयपंथीयांचं, समलिंगी पुरुषांचं काम फार मोठं आहे. समाज त्यांना रोगाचं घर म्हणत होता, तेव्हा ते रोग अडवत होते.

दवाखान्यातला भेदभाव मला सर्वांत जास्त खटकतो, कारण तिथे माहिती नसल्याची सबब चालत नाही. खाटेला पाटी, फाईलवर लाल शेरा, ‘आमच्याकडे सोय नाही’ म्हणून ऑपरेशन पुढे ढकलणं, हे अजून घडतं. हिशोब पाहा. उपचार न घेतलेल्या पॉझिटिव्ह रुग्णाची वापरलेली सुई कर्मचाऱ्याला टोचली, तर लागण होण्याची शक्यता हजारात ३ असते. लस न घेतलेल्याला कावीळ ब होण्याची शक्यता शंभरात ३० पर्यंत जाते. गोळ्या घेणारा, विषाणू दबलेला रुग्ण कर्मचाऱ्यासाठी कधीच तपासणी न केलेल्या शेजारच्या खाटेवरच्या माणसापेक्षा सुरक्षित असतो. म्हणून हातमोजे, सुयांची विल्हेवाट हे नियम प्रत्येक रुग्णासाठी सारखेच आहेत, पाटी पाहून पाळायचे नाहीत.

कायदा कुठून कुठे आला

१९८९ मध्ये गोव्यात डॉमिनिक डिसोझा या तरुणाच्या दान केलेल्या रक्तात एचआयव्ही सापडला. पोलिसांनी त्याला उचललं आणि म्हापशातल्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस एकट्याला ठेवलं. गुन्हा काहीच नव्हता. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात पॉझिटिव्ह माणसाला वेगळं ठेवण्याची तरतूद होती. त्याची आई ल्यूसी उच्च न्यायालयात गेली. तो सुटला, पण न्यायालयाने ती तरतूद रद्द केली नाही. १९९२ मध्ये डॉमिनिकने पॉझिटिव्ह पीपल ही संस्था सुरू केली आणि त्याच वर्षी तो गेला. तेव्हा आजच्या गोळ्या नव्हत्या.

१९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वेगळा निर्णय दिला. सरकारी मालकीच्या कंपनीतल्या एका हंगामी मजुराला पॉझिटिव्ह निघाला म्हणून काम नाकारलं होतं. न्यायालय म्हणालं, माणूस काम करायला तंदुरुस्त असेल तर केवळ एचआयव्ही आहे म्हणून नोकरी नाकारता येणार नाही. त्याचं नावही निकालात उघड केलं नाही.

२०१७ चा एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. नोकरी, शाळा, उपचार, भाड्याचं घर, विमा यांत भेदभाव करायला तो मनाई करतो. नोकरीसाठी किंवा प्रवेशासाठी एचआयव्ही चाचणीची अट घालता येत नाही. संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि रिपोर्ट तिसऱ्याला सांगता येत नाही. विधवेला किंवा अल्पवयीन मुलाला राहत्या घरातून हुसकावता येत नाही. कित्येक सासरवाडींनी हे वाचायला हवं. द्वेष पसरवणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. भेदभावाची तक्रार राज्याने या कायद्याखाली नेमलेल्या लोकपालाकडे (ऑम्बुड्समन) करता येते आणि तिचा निकाल ३० दिवसांत लागायला हवा.

तपासणी करून घ्यायची असेल तर जिल्हा, उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालयातल्या आयसीटीसीत, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, जा. तिथे ती मोफत होते. चाचणीआधी आणि नंतर समुपदेशक बोलतात, आणि तीन वेगवेगळ्या चाचण्या जुळल्याशिवाय कोणाला पॉझिटिव्ह सांगत नाहीत. लागण झाल्यावर काही आठवडे चाचणीत काही दिसत नाही, म्हणून जोखीम अलीकडची असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. बलात्कार, टोचलेली सुई, फाटलेला कंडोम अशी घटना घडली असेल तर वाट पाहू नका. ७२ तासांच्या आत, आणि जितक्या लवकर होईल तितकं, सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात जाऊन एचआयव्ही रोखणारी औषधं मागा. ती २८ दिवस घ्यावी लागतात. काही विचारायचं असेल तर १०९७ हा नंबर मोफत आहे. फोन करताना नाव सांगावं लागत नाही.